वॉर्साची जुनी पेठ

वॉर्साच्या जुन्या पेठेत शिरताना प्रथम तिसऱ्या झिग्मुंट राजाचा स्तंभ लागतो. १६४४ सालचा हा स्तंभ १९४४ मध्ये जर्मनांनी पाडला. १९४९ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. जुन्या खांबाचे तुकडे शेजारीच, राजवाड्यालगत ठेवले आहेत. राजवाडाही सुरुंगांनी उडवलेला. लोकवर्गणीतून १९७१ ते १९८४ या काळात तो पुन्हा बांधला. पेठ उभारताना अठराव्या शतकातील बेलोत्तोची चित्रे आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी काढलेले नकाशे कामी आले. ‘म्हणजे हे सारे नवेच की!’ असे मनात आले खरे; पण त्या तुकड्यांपाशी मी ओशाळलो. ज्यांचे गावच गेले, त्यांना नव्या-जुन्या विटांचा हिशेब कोणी विचारावा?