पेटीवरची चिठ्ठी

विमानात माल चढविणाऱ्या माणसाला पेटीच्या आत डोकावता येत नाही. पेटीवर जे लिहिलेले असेल, त्यावर विश्वास ठेवूनच त्याला ती उचलावी लागते. आगगाडीच्या डब्यातील माल पेटला, तर गाडी थांबवून डबा सोडविता येतो. आकाशात हा उपाय नाही. म्हणूनच घातक मालाच्या हवाई वाहतुकीचा इतिहास हा बव्हंशी पेटीवरील मजकुराच्या खरेखोटेपणाचा इतिहास आहे.

विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने या विषयावरील आपली पहिली नियमावली १९५६ मध्ये काढली. कोणता पदार्थ न्यावा, कशात बांधावा आणि त्यावर कोणती खूण लावावी, हे तीत सांगितले होते. परंतु नियम छापणे निराळे आणि माल बांधणाऱ्या हाताने ते पाळणे निराळे, याचा प्रत्यय १९७३ साली आला.

त्या वर्षी ३ नोव्हेंबरला पॅन अ‍ॅम कंपनीचे एक मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघाले. त्यात इतर रसायनांबरोबर नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या. अशा बाटल्यांभोवती न जळणारे खनिज भरावयाचे असते. येथे लाकडाचा भुसा भरलेला होता. हे आम्ल भुशात झिरपले, की बाहेरची ठिणगी न लागताही तो पेट घेऊ शकतो. विमान आकाशात असतानाच धूर वैमानिकांच्या कक्षात शिरला. ते बोस्टनकडे वळविण्यात आले. पण धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि तिघेही कर्मचारी मृत्युमुखी पडले. आम्ल आणि भुसा यांच्या संयोगातूनच हा धूर उठला असावा, असे चौकशी मंडळाचे मत पडले. पुढे १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेत घातक मालाच्या वाहतुकीचा स्वतंत्र कायदा झाला. ‘इकाओ’ या राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८१ मध्ये जगासाठी समान नियम संमत केले. ते १९८४ पासून अमलात आले.

तरीही एका शब्दाने ११० जीव घेतले. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचे प्रवासी विमान मायामीहून उडाले आणि काही मिनिटांतच फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले. त्याच्या मालकक्षात प्राणवायू निर्माण करणारी जुनी उपकरणे होती. ती चालू झाली, की अतिशय तापतात. म्हणून त्यांच्यावर साधी प्लॅस्टिकची टोपणे बसवावयाची असतात. ती बसविलेली नव्हती. मालाच्या कागदावर मात्र ही उपकरणे ‘रिकामी’ असल्याचे लिहिले होते.

त्याच सुमारास एक नवा पदार्थ घरोघरी पोहोचू लागला होता. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिचा एक घट बिघडून तापला, की शेजारचा तापतो आणि ही साखळी पुढे चालू राहते. ज्वाला विझविणारा वायू ही आतली उष्णता आवरू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान अशाच आगीत सापडले आणि दोन्ही वैमानिक दगावले. विमानात ८०,००० हून अधिक बॅटऱ्या होत्या. त्यांपैकी किमान तीन खेपा घातक माल म्हणून जाहीर करणे आवश्यक असूनही तशा जाहीर केलेल्या नव्हत्या, असे तपासात आढळले.

१ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास मनाई झाली. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून अधिक भारित नसाव्यात, असे ठरले. भारतानेही घातक मालाच्या हवाई वाहतुकीचे नियम २००३ मध्ये केले होते.

आता या साखळीत प्रवासीही आला आहे. दाबोळी, बेळगाव वा इंदूरच्या विमानतळावर बॅग सोपविताना ‘आत पॉवर बँक आहे काय?’ असा प्रश्न विचारला जातो. ती हातातील पिशवीत ठेवावयाची असते. कारण माणसांत धूर दिसला, तर पाणी ओतून घट थंड करता येतो. मालकक्षातील धूर उशिरा कळतो. त्या प्रश्नाला प्रवासी जे उत्तर देतो, तीच त्याच्या पेटीवरची चिठ्ठी होय. विमानातील बाकीचे सर्व प्रवासी तिच्या भरवशावर बसलेले असतात.