चाळीचे भाडे आणि घरमालकाचा हिशेब

भाड्यासाठी इमारत बांधली तर उत्पन्न किती मिळेल, जागा हवी तेव्हा रिकामी करून मिळेल का आणि पडझड झाल्यास दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हे तीन प्रश्न स्थावर मालमत्तेत पैसा गुंतवणाऱ्याला कोणत्याही काळात पडतात. मुंबईत या प्रश्नांची जी उत्तरे विसाव्या शतकात कायद्याने आणि रूढीने दिली, त्यांनी केवळ घरमालकांचा हिशेब बदलला नाही, तर भाडेकरूंचे शहर हळूहळू मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळवले.

1854 मध्ये कावसजी दावर यांच्या पुढाकाराने मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी गिरणगावात चाळी उभ्या राहिल्या. शे-सव्वाशे चौरस फुटांची एकेक खोली, तिच्यासमोरून जाणारी सामाईक गॅलरी आणि टोकाला सर्वांसाठी नळ व शौचकूप, अशी ही रचना मालकाला सोयीची होती. कारण थोड्या जमिनीवर पुष्कळ भाडेकरू सामावत आणि एखादी खोली रिकामी पडली तरी एकूण उत्पन्नाला फारसा धक्का बसत नसे. 1896 च्या प्लेगने मात्र या हिशेबातील धोका उघड केला, कारण लोक शहर सोडून गेले आणि दाटीच्या वस्त्या आरोग्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरल्या. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने अशा वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, परंतु पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली आणि टंचाई वाढतच गेली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकल्यामुळे 1918 मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडे हे सामान्यतः ‘प्रमाण भाडे’, म्हणजे कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे, ठरले. युद्धोत्तर महागाईत आणि फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते; तथापि तात्पुरती म्हणून केलेली ही तरतूद वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकली. महापालिकेचे कर व मजुरी वाढत असताना भाडे मात्र जागच्या जागी राहिल्याने मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरवली. जागा परत मिळवायची तर लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालवावा लागे.

या कोंडीतून ‘पागडी’ची रूढी बळावली. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून एकरकमी मोठी रक्कम घेई, तिचा साधारण तिसरा हिस्सा घरमालकाला जाई आणि त्यानंतरच मालक नव्या नावाने भाडेपावती फाडी. त्यामुळे भाडेपावती हाच खोलीवरील हक्काचा दस्तऐवज झाला आणि मालकाचे खरे उत्पन्न मासिक भाड्याऐवजी अशा हस्तांतरणावर अवलंबून राहू लागले. 1947 च्या कायद्यानुसार पागडी घेणे हा गुन्हा असल्याने हा व्यवहार रोखीने व लेखी पुराव्याशिवाय चाले.

भाडेकरूचे हक्क निर्माण होऊ नयेत म्हणून काही मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापराची परवानगी, ही वाट धरली. परंतु 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. जागा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटू लागले, यात नवल नाही. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचे काम शासकीय मंडळाकडे सोपवले. ते मंडळ पुढे म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झाले.

मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने पागडीला वैधता दिली आणि भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली. चक्रवाढीने धरले तरी 50 रुपयांचे भाडे 20 वर्षांनी 110 रुपयांच्या आतच राहते, हे पाहता जुन्या इमारतींच्या मालकांचा पहिला प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही.

दरम्यान नवा पैसा भाड्याच्या इमारतींकडून विक्रीच्या सदनिकांकडे वळला होता. बिल्डरने जमिनीवरील हक्क उघड करावा, नोंदणीकृत करारनामा करावा आणि सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन करून द्यावी, असे बंधन 1963 च्या मालकी सदनिका कायद्याने घातले. 2016 च्या ‘रेरा’, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे सक्तीचे केले. ताबा लांबणे, मालकीहक्क सदोष निघणे आणि बांधकाम रखडणे हे धोके पूर्वीच्या घरमालकाऐवजी आता आयुष्यभराची बचत घालणाऱ्या सदनिकाधारकावर येतात, म्हणूनच या तरतुदींची गरज भासली. भाडेनियंत्रणाने गुंतवणुकीतील जोखीम नाहीशी केली नाही. ती प्रथम घरमालकाकडून इमारतीच्या भिंतींवर आणि नंतर घर विकत घेणाऱ्यावर ढकलली गेली.