विश्रांतीकडून चालण्याकडे : श्वसन व हृदय पुनर्वसनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

दम लागणाऱ्या रुग्णाने पडून राहावे, हा सल्ला दीर्घकाळ वैद्यकीय शहाणपणाचा मानला गेला. आज त्याच रुग्णाला मोजूनमापून चालावयास सांगितले जाते. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट विकार आणि हार्ट फेल्युअर, म्हणजेच हृदयाचे कार्य अपुरे पडणे, या दोन्ही व्याधींच्या उपचारात हे परिवर्तन कसे घडले आणि पनवेल परिसरातील बेलपाड्यासारख्या वस्तीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विश्रांतीचे युग

क्षयरोगावर परिणामकारक औषध नव्हते, त्या काळात शुद्ध हवा, सकस आहार व विश्रांती हीच उपचाराची त्रिसूत्री होती. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणी येथे स्थापन केलेले बेल-एअर आरोग्यधाम याच परंपरेतील होय. इंग्लंडमधील फ्रिमली येथे मार्कस पॅटर्सन यांनी १९०५ पासून रुग्णांना आधी चालणे व मग क्रमाक्रमाने वाढत जाणारे श्रम दिले. परंतु तो अपवाद ठरला. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवले जाई. लेव्हाइन व लाउन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेही धाडसच वाटले.

या विचाराला भारतातून मोठा धक्का बसला. मद्रास येथील संशोधन केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औषधे नियमित मिळाल्यास घरी राहणारे क्षयरुग्ण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळपास बरोबरीने बरे होतात, असे दिसून आले. उपचाराच्या जागेपेक्षा उपचाराचे सातत्य महत्त्वाचे ठरले.

व्यायामाचा पुरावा

१९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. विश्रांतीची किंमत यातून स्पष्ट झाली. दम लागतो म्हणून रुग्ण बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायू थोड्या श्रमानेच थकतात आणि दम अधिकच लागतो. व्यायामाने फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. मात्र स्नायू सुधारतात आणि हे दुष्टचक्र तुटते.

न्यूयॉर्कचे बराक यांनी १९५२ मध्ये फुप्फुसरुग्णांसाठी व्यायाम सुचविला होता. साठच्या दशकात डेन्व्हर येथे पेटी यांनी त्याला कार्यक्रमाचे रूप दिले. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत ६५ चाचण्या व ३,८२२ सीओपीडी रुग्णांच्या आधारे श्वसन पुनर्वसनाचा लाभ निर्विवाद ठरला. हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत मृत्यू व रुग्णालय-प्रवेश यांत झालेली घट माफक होती. पण स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना व्यायाम सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले.

महाराष्ट्रातील वारसा

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. याच रुग्णालयातील डॉ. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबावरील शवासनाचा परिणाम प्रसिद्ध केला. येथेही भर विश्रांतीवरच होता, हे लक्षणीय आहे.

बेलपाड्याचा प्रश्न

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले बेलपाडा हे मूळ गाव १९७० नंतर सिडकोच्या नव्या शहराने वेढले गेले. २०१६ मध्ये ते पनवेल महानगरपालिकेत आले आणि २०२३ मध्ये त्याच्या नावाचे मेट्रो स्थानक सुरू झाले. खारघर व कामोठे येथे भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. भौगोलिक अंतर अशा रीतीने घटले असले, तरी पुनर्वसनासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे केंद्रात जावे लागते. चार पावलांत थकणाऱ्या वृद्धाला प्रत्येक फेरी जड जाते. सोबत येणाऱ्या मुलाचा रोजही बुडतो. देशात २०१६ मध्ये सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. एवढ्यांना केंद्रे पुरणे अशक्य आहे.

समारोप

ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या चाचणीत एक गृहभेट व दर आठवड्याच्या दूरध्वनीवर आधारलेले आठ आठवड्यांचे घरगुती पुनर्वसन केंद्राइतकेच गुणकारी ठरले. मात्र वर्षभरानंतर दोन्ही गटांतील लाभ ओसरू लागला होता. मद्रासचा धडाच येथे पुन्हा मिळतो : जागा गौण, सातत्य प्रधान. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीस तीस मीटर सपाट वाट पुरते. वैद्यकीय तपासणीनंतर अशा वाटेवर रुग्णाला चालविणारे आणि पुढेही त्याची विचारपूस करणारे प्रशिक्षित मनुष्यबळ महाविद्यालये वस्तीपर्यंत पाठवतील काय, यावर या शतकभराच्या ज्ञानाचे सार्थक अवलंबून आहे.