उत्तनचा समुद्र मोबाईलमध्ये : सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर अ‍ॅम्बियंट साउंड कसा बनवायचा?

रील किंवा शॉर्ट फिल्म एडिट करताना मागे समुद्र, वारा असा काहीतरी आवाज लागतोच. बरेच जण तो नेटवरून उचलतात आणि मग कॉपीराइट क्लेम येतो. माझ्या एका मित्राच्या फिल्मचं तेच झालं, दुसऱ्याच दिवशी आवाज म्यूट! मग आम्ही उत्तनच्या किनाऱ्यावर रेकॉर्डिंगला गेलो, तर मोबाईलच्या माइकमध्ये नुसती वाऱ्याची घरघर आणि होड्यांच्या इंजिनाची धडधड. शेवटी तो समुद्र भाईंदरला घरी बसूनच बनवला. कसा, ते बघूया.

काय लागेल?

सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे गणिताने आवाज तयार करणारं अ‍ॅप. लॅपटॉपवर सर्ज एक्सटी किंवा व्हायटलची मोफत आवृत्ती चालेल. आयफोन, आयपॅडवर ऑडिओकिट सिंथ वन आहे. दुसरं अ‍ॅप घेणार असाल तर त्यात नॉइज, फिल्टर आणि एलएफओ या तीन गोष्टी आहेत का, तेवढं तपासा.

१९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर केला होता. तशी कामं आज खिशातल्या फोनवर होतात.

पायरी १ : लाट

व्हाइट नॉइज निवडा. सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र असल्यामुळे तो बिघडलेल्या रेडिओसारखा खरखरतो. त्यावर लो-पास फिल्टर लावा. हा फिल्टर ठरवलेल्या कटऑफच्या वरचा आवाज कमी करतो. आता एलएफओ कटऑफला जोडा आणि वेग ०.१ हर्ट्झ ठेवा, म्हणजे दर १० सेकंदांनी एक लाट. कटऑफ साधारण ४०० ते २५०० हर्ट्झमध्ये फिरू द्या.

पायरी २ : दुसरी लाट

एकाच मापाच्या लाटा लगेच नकली वाटतात. म्हणून तोच थर कॉपी करून वेग ०.१३ हर्ट्झ करा. आता तोच नमुना पुन्हा यायला १०० सेकंद लागतात. बऱ्याच रील त्याआधीच संपतात!

पायरी ३ : खालचा सूर

तानपुऱ्यासारखा एक सूर सतत ठेवा. दोन सॉ-टूथ ऑसिलेटर घ्या, त्यातला एक ६-७ सेंट्सनी वर चढवा. सूर हलकासा डुलायला लागेल. अटॅक ४ सेकंद, रिलीज ६ सेकंद, वर थोडा रिव्हर्ब.

सगळ्यात मोठी चूक

हेडफोनवर भारी वाटलेला हा सूर फोनच्या स्पीकरवर गायब होऊ शकतो. काळी एकचा खालचा सा साधारण ६९ हर्ट्झचा असतो आणि एवढ्या खालचा आवाज छोट्या स्पीकरला झेपत नाही. उपाय सोपा आहे : थोडं सॅच्युरेशन लावा. त्याने १३९, २०८, २७७ हर्ट्झचे वरचे स्वरांश ठळक होतात आणि ते ऐकून मूळ सूर आपला मेंदूच भरून काढतो.

शेवटी आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल काढा. मित्राच्या फिल्ममध्ये आता हाच समुद्र आहे. आवाज आपणच बनवलेला, त्यामुळे तो कुणाच्या रेकॉर्डिंगमधून उचलल्याचा प्रश्नच नाही.