नियंत्रण घटक, दृश्यपटलावरील
यंत्राची किंवा संगणकाची स्थिती दाखविणारी आणि तीत इष्ट बदल घडवून आणण्यासाठी वापरली जाणारी, पडद्यावर रेखाटलेली चित्ररूप साधने. कळ, दर्शक दिवा, सरकपट्टी, अंकदर्शक, यादी, मजकूर भरावयाचा रकाना ही त्यांची सामान्य उदाहरणे होत. संगणकीय परिभाषेत त्यांस विजेट म्हणतात. प्रत्येक घटकास दोन अंगे असतात. आकार, रंग, अक्षरे, कडा व जागा हे त्याचे रूप होय. तो कोणत्या घटनेस कसा प्रतिसाद देतो, कोणती आज्ञा पाठवितो आणि कोणत्या राशीचे मूल्य दाखवितो हे त्याचे वर्तन होय. ही दोन्ही अंगे ठरवून देण्याच्या क्रियेस विन्यास करणे म्हणतात. पडद्यावरील घटक हे नियंत्रण कक्षातील पोलादी फलकांचे वारस आहेत. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूर–बोईसर या एकाच परिसरात फलकांचा व पडद्यांचा असे दोन्ही कालखंड पाहावयास मिळतात. म्हणून या विषयाचा इतिहास येथे त्या परिसराच्या अनुषंगाने दिला आहे.

पोलादी फलकांचा काळ : मुंबईच्या उत्तरेस सु. १०० किमी. अंतरावर अरबी समुद्राच्या काठी उभारलेले तारापूर अणुवीज केंद्र हे भारतातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र होय. पश्चिम रेल्वेवरील बोईसर हे त्याचे नजीकचे स्थानक. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या असून ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांच्यापासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. त्यांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेवॉ. होती, ती पुढे १६० मेवॉ. करण्यात आली.

त्या पिढीच्या वीज केंद्रांत नियंत्रण कक्ष म्हणजे भिंतीलगत उभे केलेले पोलादी फलक व त्यांच्यापुढील उतरते मेज असे. फलकांवर काट्यांचे दर्शक, कागदी पट्टीवर रेघ ओढणारे नोंदक, फिरवावयाच्या मुठी, रंगीत दिवे आणि वरच्या बाजूस इशाऱ्यांच्या चौकोनी काचा बसविलेल्या असत. प्रत्येक साधनाचे रूप कारखान्यात ठरे व वर्तन फलकामागील तारांनी ठरे. एखादी कळ हलवावयाची झाल्यास पत्र्यास नवे भोक पाडावे लागे, तारा नव्याने ओढाव्या लागत आणि मंडलाचे आरेखन दुरुस्त करावे लागे. बदल अवघड असल्यामुळे तो विचारपूर्वक होई आणि त्याची खूण आरेखनात राही.

या साधनांत पिढ्यांचे शहाणपण साठलेले होते. इशाऱ्याच्या काचेचे वर्तन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. दोष उद्‌भवताच काच उघडझाप करू लागते व भोंगा वाजतो. प्रचालकाने पोच देताच भोंगा थांबतो व प्रकाश स्थिर होतो. दोष नाहीसा झाल्यावरच प्रकाश जातो. पाहिले न गेलेले, पाहिलेले पण न निस्तरलेले आणि निस्तरलेले अशा तीन अवस्था त्यामुळे शब्दांवाचून ओळखता येतात. विद्युत् संकेतांत रूढ असलेला ४ ते २० मिलिअँपिअर हा पल्लाही असाच अर्थपूर्ण आहे. राशीचे शून्य मूल्य ४ मिलिअँपिअरने दाखविले जाते. प्रवाह शून्य झाला, तर राशी शून्य झाली नसून तार तुटली आहे असे समजते. ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ यांतील हा भेद पुढे पडद्यांच्या काळात फार महत्त्वाचा ठरला.

थ्री माइल आयलंड येथील अपघात : दर्शक कशाशी जोडला आहे, या प्रश्नाचे गांभीर्य जगाला २८ मार्च १९७९ रोजी कळले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या केंद्रात दाबमुक्तीची एक झडप उघडल्यानंतर पुन्हा मिटली नाही. फलकावरील तिचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेच्या प्रत्यक्ष स्थितीशी जोडलेला नसून तिला पाठविलेल्या विद्युत् आज्ञेशी जोडलेला होता. आज्ञा थांबली म्हणून दिवा विझला आणि झडप मिटली असा प्रचालकांचा समज झाला. दोन तासांहून अधिक काळ शीतक पाणी बाहेर जात राहिले व गाभ्याचा मोठा भाग वितळला. अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाल्यामुळे महत्त्वाचा इशारा कोणता हे ओळखणेही कठीण झाले होते. दिव्यात बिघाड नव्हता. त्याचे वर्तन आरेखनाबरहुकूमच होते. जे दाखवावयास हवे होते ते दाखविण्याची योजनाच त्या आरेखनात नव्हती.

यानंतर अशा झडपांची प्रत्यक्ष स्थिती दाखविणे आवश्यक ठरविण्यात आले. अमेरिकेच्या अणुकेंद्रीय नियामक आयोगाने १९८१ मध्ये नियंत्रण कक्षांच्या परीक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. माणसाची दृष्टी, स्मृती व सवयी लक्षात घेऊन साधनांची मांडणी करणे हा अभियांत्रिकीचा भाग आहे, हे त्यातून मान्य झाले.

पडद्यावरील घटकांचा उगम : पडद्यावरील चित्राशी थेट व्यवहार करण्याची कल्पना आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅड या आज्ञावलीतून सिद्ध केली. डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. नियंत्रण कक्षाच्या दृष्टीने अधिक जवळचे काम जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत झाले. तेथील नव्या प्रोटॉन त्वरकास जुन्या पद्धतीने हजारो कळा व गुंड्या लागल्या असत्या. त्याऐवजी बेंट स्टुंप यांनी १९७२ मध्ये स्पर्शसंवेदी पडद्याची योजना मांडली. कळांची अक्षरे व कामे संगणक प्रसंगानुसार बदली. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्या त्वरकाच्या कक्षात असे पडदे वापरात आले. एकाच जागेची कळ आता अनेक कामे करू लागली.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ पासून ऑल्टो या संगणकावर खिडक्या व यादीपट यांचा विकास झाला. तेथेच १९७९ मध्ये नॉर्वेचे ट्रिग्व्ह रीन्सकाउग यांनी वस्तूची माहिती, तिचे पडद्यावरील दर्शन आणि वापरणाऱ्याकडून येणाऱ्या आज्ञांचे नियंत्रण ही तीन अंगे वेगळी ठेवण्याची रचना मांडली. थ्री माइल आयलंडच्या दिव्याने दर्शन व वस्तू यांतील दुरावा उघड केला, त्याच वर्षी त्यांच्या नात्याची ही मांडणी झाली. झेरॉक्सच्या १९८१ मधील स्टार या संगणकात कोणत्याही वस्तूचे गुणधर्म एका तक्त्यात पाहण्याची व बदलण्याची सोय होती. आजच्या गुणधर्म-तक्त्यांचे हे पूर्वरूप होय.

रूपाचा विन्यास : आरंभी घटकाचे रूप आज्ञावलीच्या ओळींतच कोरलेले असे. ते बाहेर काढण्याची निकड १९८२ मधील एका प्रसंगातून दिसते. ॲपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकासाठी ख्रिस एस्पिनोझा हे गणकयंत्राचे चित्र तयार करीत होते. स्टीव्ह जॉब्ज यांना त्याचे रूप वारंवार नापसंत पडे. अखेर एस्पिनोझा यांनी रेषांची जाडी, कळांचा आकार, पार्श्वभूमी हे सारे यादीतून निवडता येईल अशी आज्ञावली लिहिली व ती जॉब्ज यांच्या हाती दिली. त्यांनी काही मिनिटांत मनाजोगते रूप जुळविले आणि ते पुढे कित्येक वर्षे टिकले. रूप हे आज्ञावलीपासून वेगळे, बदलता येण्याजोगे द्रव्य आहे हा त्याचा अर्थ.

मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स या खिडकी-प्रणालीत हेच तत्त्व व्यवस्थित रीतीने आले. रंग, अक्षरवळण व कडा यांची मूल्ये स्वतंत्र मजकूर-धारिकेत लिहिता येऊ लागली आणि आज्ञावलीस हात न लावता त्यांत बदल करता येऊ लागला. विजेट हा शब्दही या प्रणालीबरोबर रूढ झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९१ च्या सुमारास पुढे आणलेल्या टीके या संचात प्रत्येक घटकाची रचना अधिकच सोपी झाली. मजकूर, पार्श्वभूमी, उठाव, अवस्था व आज्ञा असे नावाजलेले गुणधर्म घटकास दिले जातात आणि कार्यक्रम चालू असतानाही ‘कॉन्फिगर’ या आज्ञेने ते बदलता येतात. २००७ मध्ये या संचात शैलींची वेगळी व्यवस्था आली. तीमुळे सर्व कळांचे रूप एका ठिकाणी ठरविता येते आणि सामान्य, दाबलेली व निष्क्रिय अशा अवस्थांना निरनिराळे रूप देता येते.

वर्तनाचा विन्यास : घटकाचे वर्तन ठरविताना चार गोष्टी मुख्यतः पाहाव्या लागतात. पहिली, आज्ञा केव्हा द्यावयाची. सामान्य संगणकावर कळ दाबताच नव्हे, तर सोडताच आज्ञा जाते. दाबल्यावर विचार बदलला तर बोट बाजूस सरकवून माघार घेता येते. वीज उपकेंद्रांत आधी साधन निवडणे व मग आज्ञा देणे अशा दोन पायऱ्या ठेवतात. दुसरी, निष्क्रियता. जी आज्ञा त्या क्षणी देणे योग्य नाही तिची कळ फिकी करून प्रतिसादहीन ठेवतात. तिसरी, राशीचा पल्ला व मर्यादा. दर्शकाचे टोक कोणत्या मूल्यास आहे आणि इशारा कोठे सुरू होतो, हे आकडे चुकल्यास सुबक दर्शकही दिशाभूल करतो. चौथी गोष्ट म्हणजे माहितीचा ताजेपणा. संवेदकाशी संबंध तुटल्यावर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहू शकतो आणि तो निश्चल आकडा स्थैर्याचा आभास निर्माण करतो. जुन्या फलकात ४ मिलिअँपिअरचा पल्ला जे काम तारेतच करीत असे, ते पडद्यावर मुद्दाम योजावे लागते : माहिती शिळी होताच घटकाचा रंग बदलणे, आकड्यावर फुली येणे इत्यादी.

तारापूर–बोईसर परिसरातील परिवर्तन : तारापूर येथे प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेच्या दोन दाबित जड पाण्याच्या अणुभट्ट्या पुढे उभारण्यात आल्या. त्यांतील चौथा एकक सप्टेंबर २००५ मध्ये व तिसरा ऑगस्ट २००६ मध्ये व्यापारी निर्मितीत आला. भारतीय आरेखनाच्या या एककांत संगणकाधारित नियंत्रण व माहिती प्रणालींचा मोठा वाटा आहे. तथापि अणुवीज केंद्रांत पडदा आला म्हणून फलक गेला असे झाले नाही. अणुभट्टी तातडीने बंद करण्यासारख्या कामांसाठी थेट तारांनी जोडलेल्या कळा ठेवण्याची प्रथा कायम आहे. पहिल्या दोन एककांच्या सुरक्षा-सुधारणांतही मुख्य कक्ष वापरता न आल्यास उपयोगी पडावा म्हणून एक पूरक नियंत्रण कक्ष उभारण्यात आला.

बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. अशा प्रक्रिया-उद्योगांत १९७५ नंतर जगभर वितरित संगणक-नियंत्रण रुळले आणि फलकाची जागा पडद्याने घेतली. येथील धोका बदलाच्या सुलभतेत आहे. फलकावर नवी इशारा-काच बसविणे खर्चाचे होते. पडद्यावर इशारा वाढविण्यास एक ओळ पुरते. त्यामुळे इशाऱ्यांची संख्या भरमसाट वाढते. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेल शुद्धीकरण कारखान्यात जुलै १९९४ मध्ये स्फोट झाला, त्यापूर्वीच्या सु. ११ मिनिटांत दोन प्रचालकांपुढे २७५ इशारे आले होते. पुढे इशाऱ्यांच्या व्यवस्थापनासाठी आणि २०१५ मध्ये पडद्यांच्या रचनेसाठी अमेरिकेत स्वतंत्र मानके तयार झाली. पार्श्वभूमी सौम्य करडी ठेवावी, भडक रंग केवळ असामान्य स्थितीसाठी राखावेत आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, हा या विचाराचा गाभा आहे.

भाषा व रंग यांचे प्रश्न : भारतात १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे मानक ठरले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्येही देवनागरीचा समावेश झाला. त्यामुळे घटकांवर मराठी अक्षरे आणणे सुकर झाले. वर वेलांट्या व मात्रा, खाली उकार अशा रचनेमुळे देवनागरी ओळीस अधिक उंची लागते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या कळेत मात्रा कापल्या जातात. म्हणून कळेची उंची ठराविक न ठेवता अक्षरांवरून काढणे श्रेयस्कर ठरते.

अर्थाचा प्रश्न याहून नाजूक आहे. विद्युत् परिभाषेत ब्रेकर मिटला म्हणजे मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहतो. त्या स्थितीस कोणी ‘बंद’ अशी चिठ्ठी लावल्यास मराठी कामगार वीज गेली असे समजेल आणि अर्थ नेमका उलटा होईल. झडपेच्या बाबतीत मात्र ‘बंद’ म्हणजे प्रवाह थांबला हे बरोबर असते. रंगांचेही तसेच आहे. भारतीय वीज केंद्रांतील रूढीत तांबडा दिवा ब्रेकर जोडलेला व पुढील भाग विद्युत्‌भारित असल्याचे दाखवितो, हिरवा तो तुटलेला असल्याचे. यंत्रशाळेत मात्र हिरवा म्हणजे यंत्र सुरळीत चालू आणि तांबडा म्हणजे थांबलेले किंवा धोका असा अर्थ घेतात. एका कारखान्यातून दुसऱ्यात जाणारा कामगार दोन्ही रूढी बरोबर नेतो. यास्तव घटकाचा अर्थ केवळ रंगावर न सोपविता ‘जोडला–तोडला’ अथवा ‘वीज आहे–वीज नाही’ अशी निःसंदिग्ध अक्षरे व आकृतीतील फरक यांचा आधार देतात.

पोलादी फलकापासून पडद्यापर्यंतच्या या वाटचालीत घटकाचे रूप व वर्तन यंत्रापासून सुटे झाले व त्यामुळे ते कोणालाही, कधीही बदलता येऊ लागले. घटक काय दाखवितो – दिलेली आज्ञा की घडलेली गोष्ट – हे ठरविण्याची जबाबदारी मात्र तारा ओढणाऱ्याकडून विन्यास करणाऱ्याकडे आली आहे. पडद्यापुढे बसलेल्या प्रचालकास तो निर्णय दिसत नाही. त्याला केवळ दिवा दिसतो.