बर्लिनचा प्रश्न

बर्लिनचा प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची राजधानी बर्लिन हिच्या ताब्यावरून व दर्जावरून एका बाजूस सोव्हिएट रशिया आणि दुसऱ्या बाजूस अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्यात उद्भवलेला आणि या ना त्या स्वरूपात १९९० पर्यंत टिकून राहिलेला वाद. शीतयुद्धाच्या इतिहासात कोरिया, क्यूबा व व्हिएटनाम यांचा गाजावाजा अधिक झाला; तथापि साम्यवादी व भांडवलशाही सत्तांच्या स्पर्धेचे स्वरूप बर्लिनमध्ये जितक्या जवळून पाहावयास मिळते, तितके ते अन्यत्र क्वचितच मिळते. येथे दोन विचारप्रणालींचा झगडा चलन, कोळसा, आगगाड्या अशा दैनंदिन गरजेच्या गोष्टींवरून झाला आणि दोन्ही पक्षांनी अखेर शहराच्या ऐक्यापेक्षा त्याच्या विभाजनातच आपली सुरक्षितता मानली.

पार्श्वभूमी : पराभूत जर्मनीचे व्याप्त विभाग कसे पाडावेत, हे १२ सप्टेंबर १९४४ च्या लंडन मसुद्याने ठरले. त्यानुसार बर्लिन कोणत्याही एका विभागात न घालता त्यावर दोस्त राष्ट्रांचा संयुक्त ताबा राहावयाचा होता. भौगोलिक दृष्ट्या मात्र ते सोव्हिएट विभागात, त्याच्या पश्चिम सीमेपासून सु. १६० किमी. आत होते. रशियन फौजांपुढे शहर २ मे १९४५ रोजी शरण आले. पाश्चात्त्य फौजा तेथे जुलैमध्ये पोहोचल्या. पुढे फ्रान्सलाही वाटा देण्यात येऊन शहराचे चार भाग झाले.

पाश्चात्त्य राष्ट्रांना बर्लिनला जाण्यायेण्याचा हक्क कोणत्या मार्गांनी राहील, ही बाब या व्यवहारात जवळजवळ दुर्लक्षित राहिली. रस्ते व लोहमार्ग यांच्या वापराबाबत सेनाधिकाऱ्यांत तोंडी बोलणी झाली, पण लेखी हमी घेतली गेली नाही. याउलट ३० नोव्हेंबर १९४५ रोजी नियंत्रण मंडळाने हँबर्ग, हॅनोव्हर व फ्रँकफुर्ट या दिशांना जाणारे, प्रत्येकी सु. ३२ किमी. रुंदीचे तीन हवाई मार्ग लेखी मान्य केले. विमानांची टक्कर होऊ नये एवढाच या कराराचा हेतू होता. कारकुनी स्वरूपाच्या या कागदाने पुढे शहराचे भवितव्य ठरविले.

विजेत्यांच्या भूमिका मुळातच भिन्न होत्या. युद्धात सु. २·७ कोटी माणसे गमावलेल्या रशियाला जर्मनीकडून युद्धाची भरपाई हवी होती आणि जर्मनी पुन्हा बलवान होणार नाही याची निश्चिती हवी होती. अमेरिका व ब्रिटन यांना पश्चिम यूरोपची आर्थिक उभारणी जर्मन उद्योगांवाचून अशक्य वाटत होती. शिवाय आपल्या विभागातील उपासमार टाळण्यासाठी लागणारा खर्च त्यांच्याच माथी येत होता. १ जानेवारी १९४७ रोजी या दोघांनी आपले विभाग आर्थिक बाबींपुरते एकत्र केले. त्याच वर्षी ट्रूमन सिद्धांत व मार्शल योजना जाहीर झाली. २० मार्च १९४८ रोजी सोव्हिएट प्रतिनिधी मार्शल सोकोलॉव्हस्की यांनी नियंत्रण मंडळाच्या बैठकीतून बहिर्गमन केले आणि जर्मनीचे चतुःसत्ता शासन नाममात्र उरले.

नाकेबंदी (१९४८–४९) : वादाचे तात्कालिक कारण चलनाचे होते. जुन्या मार्कला किंमत उरली नव्हती आणि काळ्या बाजारात सिगारेटीच चलन म्हणून वापरल्या जात होत्या. व्याप्तीकाळातील नोटा छापण्याचे साचे १९४४ मध्ये अमेरिकेने रशियालाही दिलेले असल्याने चलनवाढीला आळा घालणे पाश्चात्त्यांच्या हाती नव्हते. २० जून १९४८ रोजी पश्चिम विभागांत नवा डॉइश मार्क आला. आरंभी दरडोई ४० मार्क वाटण्यात आले. रद्द झालेल्या जुन्या नोटांचा लोंढा पूर्वेकडे येणार, ही रशियाची भीती अनाठायी नव्हती. त्याने २३ जून रोजी आपले वेगळे चलन काढले व ते सर्व बर्लिनला लागू केले. पाश्चात्त्यांनी आपल्या भागांत ‘ब’ या रोमन अक्षराचा शिक्का मारलेले नवे मार्क आणले. २४ जून रोजी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग व जलमार्ग बंद झाले. पूर्वेकडून मिळणारी वीजही तोडण्यात आली.

त्या वेळी पश्चिम बर्लिनची लोकसंख्या वीस लाखांवर होती, अन्नसाठा सु. ३६ दिवसांचा व कोळसा सु. ४५ दिवसांचा होता. अमेरिकन सेनापती ल्यूशस क्ले हे सशस्त्र ताफा घेऊन रस्ता मोकळा करण्याच्या मताचे होते. वॉशिंग्टनला ते मान्य झाले नाही. उरला तो लेखी मान्य झालेला हवाई मार्ग. २६ जून रोजी पहिल्या दिवशी सु. ८० टन माल उतरला. शहर जगविण्यासाठी दररोज किमान ४,५०० टन माल लागणार होता. जुलैअखेरीस या कामाची सूत्रे विल्यम टनर यांच्याकडे आली. महायुद्धात आसाममधील विमानतळांवरून हिमालयापलीकडे चीनला माल पोहोचविण्याच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले होते. त्यांनी विमानांचे वेळापत्रक आगगाडीसारखे आखले : ठरावीक अंतराने एकामागून एक विमान, सर्वांचा वेग व उंची निश्चित, पहिल्या प्रयत्नात उतरता न आल्यास विमान मालासह परत. टेम्पलहोफ व गाटो हे विमानतळ अपुरे पडू लागले, तेव्हा फ्रेंच भागात टेगेल येथे हजारो बर्लिनवासीयांनी अवघ्या तीन महिन्यांत नवी धावपट्टी तयार केली. मजुरांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते आणि धावपट्टीचा पाया बाँबवर्षावात पडलेल्या इमारतींच्या विटामातीचाच होता.

वाहून आणलेल्या मालात सु. दोनतृतीयांश वाटा कोळशाचा होता. तरीही घरगुती वीज दिवसाकाठी चार तासच मिळे आणि उद्यानांतील व रस्त्यांवरील झाडे सरपणासाठी तोडली गेली. पूर्व भागात नाव नोंदवून शिधा घेण्याची सवलत सोव्हिएट अधिकाऱ्यांनी देऊ केली होती. थोड्याच लोकांनी तिचा लाभ घेतला. ९ सप्टेंबर १९४८ रोजी राइशस्टाग इमारतीच्या भग्नावशेषांसमोर सु. तीन लाखांच्या सभेत एर्न्स्ट रॉयटर यांनी या शहराकडे पाठ फिरवू नका, असे आवाहन जगातील राष्ट्रांना केले. रॉयटर हे तरुणपणी स्वतः साम्यवादी होते आणि १९४७ मध्ये महापौर म्हणून निवडून येऊनही सोव्हिएट नकाराधिकारामुळे त्यांना पद मिळाले नव्हते. डिसेंबरमध्ये ते पश्चिम भागापुरते महापौर झाले. पूर्व भागात वेगळी नगरपालिका आधीच स्थापन झाली होती.

ही नाकेबंदी समजली जाते तितकी अभेद्य नव्हती. पूर्व भागातून व भोवतालच्या खेड्यांतून बराच माल चोरूनमारून पश्चिम भागात येई. खुद्द पाश्चात्त्यांनीही पूर्व विभागाकडे जाणारा कोळसा व पोलाद अडवून प्रतिनाकेबंदी केली होती व ती सोव्हिएट विभागाला जाचक ठरली. दोन्ही बाजूंचा संयमही लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेने ब्रिटनमध्ये बी-२९ बाँबफेकी विमाने आणली, पण ती अणुबाँब वाहण्याजोगी नव्हती. हवाई सुरक्षा केंद्रात सोव्हिएट अधिकारी सर्व काळ इतरांबरोबर काम करीत राहिले. विमानांना त्रास देण्याचे प्रकार घडले, परंतु लेखी मान्य केलेला मार्ग रशियाने बंद केला नाही. तसे करणे म्हणजे पहिली गोळी झाडणे होते. १२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. हवाई पुरवठा साठ्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहिला. एकूण सु. २,७८,००० फेऱ्यांतून २३ लाख टनांहून अधिक माल आला. अपघातांत सु. १०० माणसे मृत्यू पावली.

स्टालिन यांना पश्चिम जर्मन राज्याची स्थापना रोखावयाची होती. घडले ते उलट. एप्रिल १९४९ मध्ये नाटो करार झाला, मेमध्ये पश्चिम जर्मनीचे प्रजासत्ताक आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीचे प्रजासत्ताक अस्तित्वात आले.

निर्वासित व भिंत : १७ जून १९५३ रोजी पूर्व बर्लिनमधील बांधकाम मजुरांचा कामाच्या वाढीव प्रमाणाविरुद्धचा संप देशव्यापी उठावात परिणत झाला. तो रणगाड्यांनी मोडून काढण्यात आला. कामगारांच्या नावे चालणाऱ्या राज्याने कामगारांवर रणगाडे आणले, ही गोष्ट तेथील राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेला कायमची बाधक ठरली. दोन जर्मनींमधील सीमा १९५२ मध्येच बंद झाली होती. बर्लिनमध्ये मात्र भुयारी रेल्वेचे तिकीट काढून पूर्वेतून पश्चिमेत जाता येई. १९४९ ते १९६१ या काळात सु. २७ लाख लोकांनी पूर्व जर्मनी सोडली. त्यांत तरुण, कुशल कारागीर, डॉक्टर व अभियंते यांचा भरणा होता. खुल्या सीमेमुळे त्या राज्याची कर्ती लोकसंख्याच ओसरत होती.

नोव्हेंबर १९५८ मध्ये ख्रुश्चॉव्ह यांनी पाश्चात्त्य फौजांनी सहा महिन्यांत बर्लिन सोडावे व ते खुले शहर करावे, अशी मागणी केली. मुदत टळली, पण प्रश्न तसाच राहिला. जून १९६१ मधील व्हिएन्ना येथील केनेडी-ख्रुश्चॉव्ह भेट निष्फळ ठरली. २५ जुलैच्या भाषणात केनेडी यांनी आपण पश्चिम बर्लिनचे रक्षण करू, असे बजावले. संपूर्ण बर्लिनचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि मॉस्कोने त्याचा योग्य तो अर्थ घेतला. जुलैत तीस हजारांवर लोक निघून गेले. १३ ऑगस्टच्या पहाटे पूर्व जर्मन पोलीस व सैनिक यांनी सरहद्दीवर काटेरी तारा ओढल्या. काही दिवसांत तेथे भिंत उभी राहू लागली. बेर्नाउअर रस्त्यावर घरे पूर्वेत व समोरचा पदपथ पश्चिमेत अशी स्थिती होती. तेथील रहिवाशांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. काही त्यात मरण पावले. खिडक्या विटांनी बुजविण्यात आल्या व पुढे घरेही पाडली गेली.

पाश्चात्त्य सरकारांनी निषेधखलिते धाडले. याहून अधिक काही केले नाही. भिंत युद्धापेक्षा बरी, हा त्यांचा हिशोब होता व तो चुकीचा होता, असे म्हणता येत नाही; मात्र बर्लिनवासीयांना तो विश्वासघात वाटला आणि तेव्हाचे महापौर व्हिली ब्रांट यांनी केनेडी यांना तसे स्पष्ट शब्दांत कळविले. ऑक्टोबरअखेर फ्रीड्रिख रस्त्यावरील तपासणी नाक्यावर अमेरिकन व सोव्हिएट रणगाडे सु. सोळा तास समोरासमोर उभे होते. कारण क्षुल्लक होते : अमेरिकन अधिकाऱ्याने पूर्व जर्मन पोलिसाला ओळखपत्र दाखवावे की नाही.

या संकटाचे सावट सप्टेंबर १९६१ मधील अलिप्त राष्ट्रांच्या बेलग्रेड परिषदेवर पडले. वसाहतवादापेक्षा युद्ध टाळण्याचा प्रश्न आज निकडीचा आहे, अशी भूमिका पंडित नेहरूंनी तेथे घेतली. शांततेचे आवाहन घेऊन नेहरू व घानाचे एन्क्रुमा मॉस्कोला, तर सुकार्णो व मालीचे कैता वॉशिंग्टनला गेले.

विभाजित शहर : पश्चिम बर्लिनभोवतीची तटबंदी सु. १५५ किमी. लांबीची होती, पैकी सु. ४३ किमी. शहराच्या मधून जात होती. ती ओलांडताना किंवा तिच्यासंबंधात किमान १४० जणांचा मृत्यू झाला. तरीही शहराचे सर्व सांधे तुटले नाहीत. पश्चिमेचे सांडपाणी पूर्वेकडील शेतांत जात राहिले व त्याचे पैसे चुकते होत. पश्चिमेच्या काही भुयारी गाड्या पूर्व बर्लिनखालून न थांबता जात. तेथील अंधाऱ्या, पहारा असलेल्या स्थानकांना लोक भुतांची स्थानके म्हणत. पश्चिम भागातील उपनगरी रेल्वे १९८४ पर्यंत पूर्व जर्मन रेल्वेच चालवीत होती आणि भिंतीनंतर पश्चिमेतील प्रवाशांनी तिच्यावर बहिष्कार टाकला होता. डिसेंबर १९६३ मध्ये नाताळपुरते परवाने मिळाले, तेव्हा सात लाखांवर पश्चिम बर्लिनवासी थंडीत रांगा लावून पूर्वेतील आप्तांना भेटून आले.

ब्रांट १९६९ मध्ये चॅन्सेलर झाल्यावर त्यांनी वस्तुस्थिती मान्य करून ती सुसह्य करण्याचे धोरण स्वीकारले. ३ सप्टेंबर १९७१ च्या चतुःसत्ता कराराने जाण्यायेण्याचा हक्क अखेर लेखी झाला. या करारात ‘बर्लिन’ म्हणजे नेमके काय, यावर एकमत न झाल्याने मजकुरात काही ठिकाणी नुसते ‘संबंधित क्षेत्र’ एवढेच म्हटलेले आहे. तथापि हा करार बर्लिनवासीयांना कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक उपयुक्त ठरला.

अखेर : सप्टेंबर १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाकडील सीमा पूर्व जर्मनांना खुली केली, लाइपसिक व अन्य शहरांत मोर्चे निघाले आणि सोव्हिएट फौजा या वेळी छावण्यांतच राहिल्या. ९ नोव्हेंबरच्या सायंकाळी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत नवे प्रवासनियम वाचून दाखविले. ते केव्हापासून लागू, या प्रश्नावर पुरेशी माहिती नसतानाच त्यांनी ‘तत्काळ’ असे उत्तर दिले. रात्री बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्यावर जमलेल्या हजारोंपुढे, वरून आदेश नसताना, पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांनी दरवाजे उघडले. १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्को येथे चार सत्ता व दोन जर्मनी यांच्यात करार होऊन शहरावरील परकीय हक्क संपविण्याचे ठरले. ३ ऑक्टोबर रोजी जर्मनी एक झाली. शेवटच्या रशियन फौजा ३१ ऑगस्ट १९९४ रोजी व पाश्चात्त्य फौजा ८ सप्टेंबर रोजी, वेगवेगळ्या समारंभांनी, बर्लिनमधून गेल्या.