अकिलीज कंडरेचे दुखणे

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी अकिलीज कंडरा ही मानवी शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. टाचेच्या वर २ ते ६ सेंमी. भागात रक्तपुरवठा कमी असतो आणि दुखणे बहुधा तिथेच उद्भवते. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले अवघडतात. कंडरा जाड व हळवी होते. चालण्याधावण्यात अचानक केलेली वाढ हे मुख्य कारण. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील प्रतिजैविकांमुळेही कंडरा दुखावू शकते, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवे.

पूर्वी हा दाह समजून विश्रांतीवर भर दिला जाई. प्रत्यक्षात कंडरेतील कोलॅजन तंतूंची घडी विस्कटलेली असते. कंडरेला हवा असतो बेताबेताने वाढवलेला भार. स्वीडनमधील उमेओ येथील शल्यविशारद होकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला व्यायाम त्यामुळेच मोलाचा ठरला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, प्रत्येकी १५ वेळा, ३ फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे टाचेच्या हाडालगत असल्यास मात्र टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास ती तुटण्याचा धोका असतो.

कुणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटून ‘फट्’ असा आवाज झाला व चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असे धरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.